हौद्यावरचे सहा इंच

गॅस स्टेशनमधून बाहेर पडताना आमचा ट्रक उताराला लागला. मागचा ट्रेलर अजून सपाटीवरच होता. तेवढ्यात पत्र्याचा डबा चेपावा तसा आवाज आला आणि नवऱ्यानं ब्रेक दाबला. मी आरशात पाहिलं तर ट्रेलरचं नाक ट्रकच्या हौद्याच्या काठावर टेकलेलं. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला. नवरा खाली उतरला, काठावरून हात फिरवून आला आणि सीटवर बसत म्हणाला, "चार बोटांचीच जागा राहते यार. वाटलंच होतं मला."

आमचा ट्रेलर इथे अमेरिकेत ज्याला फिफ्थ-व्हील म्हणतात तसला होता. साधा ट्रेलर गाडीच्या मागे बंपरला अडकवतात. याचं पुढचं नाक मात्र पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवलेल्या कुलपात अडकतं, त्यामुळे ट्रेलरचा पुढचा भाग हौद्याच्या वर अधांतरी राहतो. त्या भागात आमची झोपायची खोली होती. जुना ट्रक होता तोवर सगळं ठीक चाललं होतं. त्याचं इंजिन गेलं, नवा घेतला, आणि नव्याचा हौदा चांगलाच उंच निघाला. सपाट रस्त्यावर काही कळायचं नाही. खड्डा आला, उतार आला, की ट्रेलर ट्रकला टेकायला बघायचा.

त्या दिवशी संध्याकाळी मुक्कामावर पोहोचल्यावर आणखी एक गोष्ट झाली. ट्रेलर सोडवायला कुलपाचा दांडा ओढावा लागतो. त्यानं ओढला, तो हललाच नाही. मग दोन्ही हातांनी धरून, पाय टेकवून ओढला तेव्हा सुटला. तो हसला. "म्हातारा झालो बे," म्हणाला. मीही हसले. तो तेव्हा अठ्ठावन्नचा होता.

तो नागपूरचा, मी कोल्हापूरची. लग्न होऊन इथे आलो तेव्हा तो ह्यूस्टनच्या एका कंपनीत पंपांचं काम बघायचा, आणि शेवटपर्यंत तेच बघत होता. पंप कुठे गळतो, का थरथरतो, बेअरिंग का जळतं. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, दिवसभर मायक्रोस्कोपवर. जवळच शुगर लँडला घर, एक मुलगी. ती शिकली आणि दुसऱ्या राज्यात, कॅरीला, एका औषध कंपनीत लागली. ती गेल्यावर घर फार मोठं वाटायला लागलं, तेव्हा त्यानं ट्रेलर आणला. मला हौस नव्हती. पहिल्या दोन सहलींत मी नुसती कुरकुर केली. तिसऱ्या वेळी एका तळ्याकाठी सकाळी मी ट्रेलरच्या छोट्या शेगडीवर थालीपीठ लावलं आणि दार उघडं ठेवून बसले. त्यानंतर कुरकुर केली नाही.

आमच्या वसाहतीत घरासमोर ट्रेलर उभा करू देत नाहीत. म्हणून तो शहराच्या पश्चिमेला, त्याच्या कॉलेजातल्या मित्राच्या जागेवर असायचा. हा मित्रही नागपूरचाच, रिटायर झालेला. चार एकर जमीन, एक मोठी शेड, शेडमध्ये पक्की फरशी. बायको गेल्यापासून तो तिथे एकटाच राहायचा आणि कोणी आलं की खूश व्हायचा.

सहलीवरून परतल्यावर नवऱ्यानं ठरवलं, ट्रेलर उंच करायचा. मी विचारलं, "त्यापेक्षा हौद्यातलं ते कुलूपच वर घे ना. नाक वर जाईल, काम झालं." त्यानं ड्राइव्ह-वेवर खडूनं चित्र काढून मला समजावलं. नुसतं नाक वर केलं की शेपूट खाली जातं, आणि सगळं वजन मागच्या चाकांवर येतं. "ताट तिरकं धरलं की आमटी कुठे जाते? तसंच." म्हणून पुढून-मागून सारखंच उचलायला हवं. ट्रेलरचे दोन्ही ॲक्सल, म्हणजे चाकांचे आस, स्प्रिंगच्या पाट्यांच्या वर बसवलेले होते. ते पाट्यांच्या खाली घेतले की सगळा ट्रेलर तेवढा वर येतो, मग कुलूपही एक भोक वर घ्यायचं. हौदा आणि ट्रेलर यांच्यामध्ये त्याला सहा इंच हवे होते. सहा इंच असले की कसल्याही रस्त्यावर जाता येतं, असं तो म्हणाला. त्याला पश्चिम टेक्सासच्या डोंगरांत जायचं होतं. तिथले रस्ते वाईट.

हात मात्र सुधारला नाही. शर्टाची बटणं लावताना वेळ लागायला लागला. चहाचा कप उजव्या हातातून डाव्यात गेला. मी लॅबमध्ये काम करते, पण घरातल्या माणसाकडे तसं बघायची सवय नसते. मला मान अवघडल्याची शंका होती. मानेचा फोटो काढला, त्यात काही नव्हतं. मग नसांची तपासणी, मग दुसरी, मग मोठ्या हॉस्पिटलची तारीख. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी खुर्ची आमच्या जवळ ओढून घेतली, तेव्हाच मला कळलं. एएलएस. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात. आधी हात, मग पाय, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहतं. बाई हळू आवाजात सांगत होत्या. त्यानं एकच प्रश्न विचारला, "वेग किती असतो?" त्या म्हणाल्या, प्रत्येकाचा वेगळा.

परत येताना हायवेवर नेहमीसारखी गर्दी होती. गाडी मी चालवत होते. आमचा एक्झिट आला तेव्हा तो म्हणाला, "ट्रेलरचे पार्ट्स आज येणार होते."

दाराशी खोकं पडलेलंच होतं. आम्हा दोघांना मिळूनही ते आत ओढताना घाम फुटला.

मी म्हटलं, "आता राहू दे हे. परत पाठवू."

"का?"

"का म्हणजे?"

"मला घरात बसवून तू काय करणार? माझ्याकडे बघत बसणार?" त्याच्या आवाजात राग नव्हता. "डोकं चालतंय ना माझं? मग डोक्याचं काम मी करतो. हात तुम्ही द्या."

'तुम्ही' म्हणजे मी आणि त्याचा मित्र. मित्राला गुडघ्यामुळे फार वेळ खाली बसता यायचं नाही. म्हणजे हात माझेच.

सप्टेंबर सरला तरी ह्यूस्टनकडे उकाडा असतो. शेडमध्ये दोन मोठे पंखे लावून आम्ही शनिवार-रविवार काम करायला लागलो. ट्रेलर रिकामा केला. गाद्या, भांडी, पाण्याची टाकी, सगळं. मग जॅक लावून एक बाजू उचलायची, सांगाड्याखाली लोखंडी घोड्या सरकवायच्या, मग दुसरी बाजू. चाकं काढायची. तो प्लास्टिकच्या खुर्चीत बसून सांगायचा. सुरुवातीला खुर्चीत बसायचा नाही, माझ्याशेजारी जमिनीवर उताणा व्हायचा आणि बोटानं दाखवायचा. एकदा त्यानं सवयीनं माझ्या हातातून पाना घेतला, नटवर लावला आणि जोर दिला. पाना त्याच्या मुठीतून निसटून त्याच्याच छातीवर पडला. त्यानं तो उचलून मला दिला. त्यानंतर पान्याला हात लावला नाही.

मला काहीच येत नव्हतं. लॅबमध्ये माझी बोटं नाजूक कामाला सरावलेली. इथे गंजलेला नट, अंगठ्याएवढा जाड बोल्ट, नाकात ग्रीसचा वास. "हातानं नको ओढू. अंगानं ओढ," तो म्हणायचा. "कंबर टेकव. आता सोड स्वतःला मागे." नट कर्रकन सुटला की त्याला माझ्यापेक्षा जास्त आनंद व्हायचा.

नेहमी इतकं गोड चालायचं नाही. एका रविवारी ब्रेकची वायर मी चुकीच्या बाजूनं सोडवली. तो खुर्चीतून ओरडला, "डावीकडे. डावीकडे म्हणतोय मी. कितीदा सांगायचं?" मी पाना फरशीवर टाकला आणि बाहेर निघून गेले. कुंपणाशी जाऊन उभी राहिले. पलीकडच्या शेतात कोणाची तरी गुरं चरत होती. थोड्या वेळानं मित्र दोन कप चहा घेऊन आला.

"वहिनी, तो तुमच्यावर नाही चिडत."

"मला माहीत आहे."

"मी त्याला कॉलेजपासून पाहतो. स्वतःच्या हातानं केल्याशिवाय त्याला कधी पटलंच नाही काही. आता बघत बसावं लागतंय."

"मलाही बघतच बसावं लागतंय," मी म्हटलं. आम्ही चहा संपवला आणि आत गेलो. नवऱ्यानं पाना कसाबसा उचलून खोक्यावर ठेवला होता.

काम रखडत गेलं. जुन्या जागेच्या उलट बाजूला पाट्यांसाठी नव्या बैठका वेल्ड करायच्या होत्या. वेल्डर तारीख द्यायचा आणि यायचा नाही. मधेच हॉस्पिटलच्या फेऱ्या. मधेच माझ्या लॅबमध्ये माणसं कमी, शनिवारीही जावं लागायचं. आणि या सगळ्यात त्याचा उजवा पाय गेला. गेला म्हणजे पाऊल वर उचलेनासं झालं, चालताना बोटं जमिनीवर फरफटायला लागली. पायाला प्लास्टिकचा आधार आला, मग काठी आली. एका सकाळी तो बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून पडला. ओठ फुटला. मी बर्फ धरून बसले होते तेव्हा तो म्हणाला, "वेल्डरला आज परत फोन कर."

नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला मुलगी आली. तिला फोनवरून सगळं माहीत होतं, पण फोनवर माणूस कसं चालतं ते दिसत नाही. दुसऱ्या दिवशी ती आमच्याबरोबर शेडवर आली. ट्रेलर घोड्यांवर उभा, चाकं बाजूला रचलेली, मी कपाळाला दिवा लावून खाली आडवी. ती काही वेळ बघत राहिली, मग इंग्रजीत बोलायला लागली. लहानपणापासून तिचं तसंच आहे, आम्ही मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं.

"बाबा, कॅन वी बी प्रॅक्टिकल?" ती म्हणाली. मग तिनं सगळं मांडलं. घरातलं बाथरूम बदलायला हवं, चाकाची खुर्ची आत जाईल असं. दारं रुंद करायला हवीत. पुढच्या दाराला उतार हवा. या गोष्टींना वेळ लागतो. आणि तुम्ही दोघं दर आठवड्याला इथे येऊन ट्रेलर वर उचलताय.

"बाथरूम करू," तो म्हणाला.

"व्हेन?"

"आपण एकदा जाऊन आलो की."

ती माझ्याकडे वळली. "मॉम, से समथिंग."

मी ट्रेलरखालून बाहेर आले. तिचं बरोबर होतं, एकूण एक बरोबर. मी म्हटलं, "बाथरूमवाल्याला सोमवारी बोलावते." तिनं मान हलवली आणि बाहेर गाडीत जाऊन बसली. थोड्या वेळानं ती परत आली, बाह्या वर केल्या आणि पाटा धरायला मला मदत केली. पाटा जड असतो, एकटीनं धरून बोल्ट घालता येत नाही. आम्ही दोघी तिच्या बापाच्या सूचना ऐकत होतो. ती रडत होती आणि पाटा धरून होती.

जानेवारीत वेल्डर आला, अर्ध्या दिवसात त्याचं काम झालं. त्यानंतरच्या रविवारी आम्ही ॲक्सल खाली घेऊन बसवले. शेवटचे नट टॉर्कच्या पान्यानं ताणायचे होते. ठरलेला ताण आला की तो पाना टक् करतो. दर वेळी टक् ऐकू आलं की नवरा मान हलवायचा. मग चाकं चढवली, घोड्या काढल्या, ट्रेलर जमिनीवर आला. मित्रानं ट्रक मागे घेऊन कुलूप लावलं. मी टेप घेऊन हौद्यावर चढले आणि काठापासून ट्रेलरच्या पोटापर्यंत मोजलं. सहा इंचांच्या थोडं वरच.

"किती?" त्यानं विचारलं.

"सहा. वर थोडं."

"दुसऱ्या बाजूला?"

"सारखंच."

मित्रानं त्याच्या पाठीवर थाप मारली. "झालं की बे. आता जा कुठे जायचं तिथे."

तो खुर्चीतून उठला. काठी टेकत ट्रेलरच्या दाराशी गेला. दाराबाहेर घडीच्या लोखंडी पायऱ्या असतात, त्या मी खाली ओढल्या. ट्रेलर जेवढा वर गेला होता तेवढ्याच त्याही वर गेल्या होत्या. पहिली पायरी आता त्याच्या गुडघ्याच्या जवळ येत होती. त्यानं दाराची मूठ डाव्या हातानं धरली आणि उजवा पाय उचलला. पाऊल पायरीच्या कडेला आपटून खाली आलं. मग त्यानं डावा पाय ठेवून पाहिला, पण उजव्या पायावर तेवढा भार पेलेना. तो तसाच मूठ धरून उभा राहिला. मित्र म्हणाला, "अरे, एक स्टूल ठेवू ना खाली," आणि स्टूल आणायला शेडच्या दुसऱ्या टोकाला गेला. स्टूल तिथे नव्हतं. त्याला ते माहीत असणार.

चार महिने आम्ही मोजत होतो. हौद्याचा काठ, ट्रेलरचं पोट, पाट्यांची जाडी, नाकाची उंची. दाराकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

घरी येताना मी म्हटलं, "पायरीचं आपल्या लक्षातच आलं नाही."

तो खिडकीबाहेर बघत होता. "माझ्या आलं होतं."

"कधी?"

"पहिल्याच दिवशी. पायरी किती वर जाणार ते काढलं होतं मी. चढलो असतो तेव्हा. वाटलं, ऑक्टोबरपर्यंत काम होईल, नोव्हेंबरात निघू." तो थांबला. तेव्हा त्याला लांब वाक्यं बोलताना मधे दम घ्यावा लागायला लागला होता. "ट्रेलरचं गणित बरोबर होतं. माझा वेग मोजायला चुकलो."

मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

तरी आम्ही गेलो. त्याला जायचंच होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. मित्रानं लाकडी फळ्यांची एक जादा पायरी करून दिली, बाजूला धरायला पाइप लावला. फेब्रुवारीभर नवऱ्यानं शेजारी बसून मला एका रिकाम्या पार्किंगमध्ये ट्रेलर चालवायला, मागे घ्यायला शिकवलं. स्टिअरिंगचा तळ धर, ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्या बाजूला हात ने, घाई करू नको. मार्चमध्ये निघालो. मुलगी फोनवर फक्त "टेक्स्ट मी एव्हरी स्टॉप" एवढंच म्हणाली.

पहिला टप्पा झाल्यावर नट पुन्हा ताणून बघायचे असतात. हायवेच्या विश्रांतीच्या जागेवर थांबून मी सतरंजी टाकली आणि पाना घेऊन चाकांमागे शिरले. एक म्हातारा अमेरिकन माणूस कुत्रा फिरवत होता. त्यानं विचारलं, काही मदत हवी का? नवरा ट्रकच्या उघड्या दारातून इंग्रजीत म्हणाला, "मेकॅनिक तीच आहे." त्याचे शब्द जड यायला लागले होते. त्या माणसाला पुन्हा विचारावं लागलं. नवऱ्यानं पुन्हा सांगितलं. तो माणूस हसला, पण लगेच त्याची नजर नवऱ्याच्या पायाच्या आधारावर गेली आणि त्याचं हसू मावळलं. एका नटाला थोडा ताण लागला. बाकी सगळे जागेवर होते.

पश्चिमेचे डोंगर लांब. मधे टेक्सासच्या टेकड्यांच्या भागात एका नदीकाठी पहिला मुक्काम केला. वाटेत कुठेही ट्रेलर ट्रकला टेकला नाही. एकदा चांगलाच उतार होता, मी श्वास रोखला, पण काही झालं नाही. "बघ," तो म्हणाला. त्या संध्याकाळी त्याला वर चढवायला बराच वेळ लागला. तो पाइप धरून ओढायचा, मी मागून खांदा लावायची. वर गेल्यावर तो सोफ्यावर बसला आणि सगळीकडे नजर फिरवली. शेगडी, छोटं टेबल, खिडकीचे पडदे. मी मुगाची खिचडी केली. त्याला भरवायला लागत होतं, पण त्या दिवशी त्यानं डाव्या हातानं चार घास स्वतः घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खाली उतरला, नदीकडे तोंड करून खुर्चीत बसला. दुपारी परत चढवताना माझा खांदा घसरला. तो मागे माझ्यावर आला आणि आम्ही दोघंही खडीवर पडलो. माझं कोपर सोललं. त्याला काही लागलं नाही, पण त्याला उठवणं मला शक्य नव्हतं. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन हाका मारत बसले. शेजारच्या जागेवरचं जोडपं धावत आलं, त्यांनी आणि आणखी एकानं मिळून त्याला उचललं, खुर्चीत बसवलं. बाई मला विचारत होती, वर न्यायचं का त्यांना? मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. नको.

त्यानंतर तो वर गेलाच नाही. ट्रकची सीट मागे पाडून तिथेच झोपला. "तू वर झोप," तो म्हणाला. मी ऐकलं नाही, ड्रायव्हरच्या सीटवर बसून राहिले. सकाळी मी वर जाऊन पोहे केले, त्याच्यासाठी वाटून मऊ केले आणि दारातून खाली वाकून बशी त्याच्या खुर्चीशेजारच्या टेबलावर ठेवली. पुन्हा वर गेले, चहा केला, तो खाली दिला. ज्या घरासाठी एवढं केलं त्या घरात मी एकटीच वावरत होते आणि तो अंगणात पाहुण्यासारखा बसला होता. तेही त्यानं हसून काढायचा प्रयत्न केला. "हॉटेल चांगलं आहे तुमचं," म्हणाला. मला हसू आलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यानं नदीकडे बघत म्हटलं, "घरी चल."

"डोंगर?"

"राहू दे."

मी एकटीनं कुलूप लावलं, वायर जोडली, पायऱ्या वर केल्या. त्याला काहीच सांगावं लागलं नाही. परतीच्या वाटेवर तो बहुतेक वेळ झोपून होता.

उन्हाळ्यात ट्रेलर विकला. त्यानंच सांगितलं विकायला. तोवर त्याचं बोलणं गेलं होतं. डोळ्यांनी अक्षरं निवडून टॅबलेटवर लिहायचा, यंत्र ते इंग्रजी धाटणीच्या मराठीत बोलून दाखवायचं. विकत घेणारा माणूस मित्राच्या शेडवर आला, खाली वाकून ॲक्सल पाहिले, मग उठून म्हणाला की काम पक्कं आहे, पण माझा ट्रक जुना आणि बुटका आहे, मला हे सगळं परत खाली घ्यावं लागेल. मी घरी येऊन नवऱ्याला सांगावं की नाही असा विचार करत होते. सांगितलं. त्यानं बराच वेळ डोळे फिरवून लिहिलं. यंत्र म्हणालं, "त्याला सांग, बोल्ट नवे घे. जुने पुन्हा वापरू नको."

मी त्या माणसाला फोन करून सांगितलं. तो थँक यू म्हणाला.

बाथरूम झालं, दारं रुंद झाली. मुलगी घरून काम करायची परवानगी काढून दोन-दोन आठवडे कॅरीहून येऊन राहायला लागली. ती बापाला रात्रीचं श्वासाचं यंत्र लावून द्यायची, लाळ पुसायची, आणि मी लॅबला जायची. मित्र दर रविवारी यायचा. आल्यावर "काय बे" म्हणायचा आणि मग तास-दीड तास दोघं क्रिकेट बघायचे. एकालाच बोलता येत होतं, तोही फार बोलायचा नाही.

पुढच्या थंडीत त्याच्या छातीत संसर्ग झाला. श्वासाची नळी बसवायची नाही, हे त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. दुपारची वेळ होती. मी एका बाजूला, मुलगी दुसऱ्या बाजूला. नर्स बाई खोलीच्या बाहेर जाऊन थांबली. शेवटी त्याचे डोळे उघडे होते आणि ते आमच्यापैकी कोणाकडे बघत होते ते आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही.

इथल्या मराठी लोकांत कुठे गेले की कोणीतरी काकू, कोणीतरी मावशी माझा हात धरून म्हणते, "निदान ती एक ट्रिप तरी झाली तुमची." त्यांनी फोटो पाहिलेले असतात. नदी, खुर्चीत बसलेला तो, मागे मोठा पांढरा ट्रेलर. त्यांच्या मनात वाईट नसतं. मी हो म्हणते आणि जेवणाच्या रांगेत पुढे सरकते.